बीटलच्या इंजिनावर पहिलं उड्डाण: किट मागवण्याआधी वाचा

किट येऊन चार वर्षं झाली, रिव्ह्यू आत्ता लिहितोय. तेव्हाच लिहिला असता तर खोकी मजबूत होती आणि सिलिंडर चकचकीत होते, एवढंच सांगता आलं असतं. आता विमान उडालंय, त्यामुळे बोलायला तोंड आहे.

वस्तू अशी: फोक्सवॅगन बीटलचं हवेने थंड होणारं चार सिलिंडरचं इंजिन, विमानासाठी बदललेलं. सुटे भाग येतात, जोडायचं आपण. गाडीत ते फार तर 1600 सीसीचं असायचं. इथे 92 मिमीचे सिलिंडर आणि 82 मिमी स्ट्रोकचा क्रँक (पिस्टनच्या खाली-वर हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) घातला की 2180 सीसी होतं आणि साधारण 80 हॉर्सपॉवर मिळते. गिअरबॉक्स नाही, पट्टा नाही, प्रोपेलर थेट क्रँकवर. मला पटलं ते हेच. होंडा-सुबारूची इंजिनं जास्त ताकदवान, पण ती ताकद वरच्या आरपीएमला. प्रोपेलर तेवढा फिरवला तर पात्यांची टोकं आवाजाच्या वेगाला जाऊन भिडतात. म्हणून मध्ये रिडक्शन, म्हणजे वेग कमी करणारा गिअर किंवा पट्टा लागतो, आणि सगळी थरथर नेमकी त्याच्यावर येते. बीटलमध्ये ती भानगडच नाही. 54 इंची आखूड लाकडी प्रोपेलर, 3400 आरपीएम, विषय संपला.

मी मूळचा कोल्हापूरचा, बाबांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. सध्या ओहायोत, डेटनपासून तासाभरावर राहतो. डेटन म्हणजे राइट बंधूंचं गाव. त्यांचं 1903 चं इंजिन त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलर या मेस्त्रीने लेथ आणि ड्रिल प्रेसवर सहा आठवड्यांत घडवलं होतं, बारा-एक हॉर्सपॉवरचं. हे बाबांना फोनवर कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, "मग? ड्रॉइंग दिलं असतं तर आपला पांडूपण करून देईल की." आमचं विमान सोनेराय-2, जॉन मॉनेट यांच्या नकाशांवरून बांधलेलं. सांगाडा स्टीलच्या पाइपांचा, पंख अॅल्युमिनियमचे. वेल्डिंग उद्यमनगरचं.

आता किटबद्दल. कंपनीचं नाव लिहीत नाही, मला भांडण नको आहे. मशीनिंग झकास. क्रँक मायक्रोमीटरने मोजून बघितला, बोट ठेवायला जागा नाही. हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरला दुसऱ्या स्पार्क प्लगचं भोक पाडून येतं, तेही स्वच्छ. पण क्रँकचा एंड-प्ले, म्हणजे त्याची पुढे-मागे सरकण्याची मोकळीक, फ्लायव्हीलमागच्या तीन शिम्सनी (पातळ चकत्यांनी) बसवतात आणि माझ्या पाकिटात दोनच निघाल्या. फोनवरचा माणूस भला होता, तिसरी पाठवली, पण अकरा दिवस मी उघडं इंजिन चादरीखाली झाकून बसलो.

खरी तक्रार मात्र मॅन्युअलची. गाडीत या इंजिनाला स्वतःचा पंखा असतो. विमानात तो काढून टाकतात, समोरून येणारी हवाच सिलिंडरभोवतीच्या पातळ कडांमधून (फिन्समधून) ढकलायची. ते काम पत्र्याच्या बॅफल्सचं. सगळं इंजिन त्यांच्यावर जगतं, आणि मॅन्युअलमध्ये त्यांना दीड पान! लोगोचे स्टिकर कुठे लावायचे त्याला एक पूर्ण पान आहे.

उड्डाण ऑक्टोबरच्या सकाळी. दव होतं, वारा नव्हता. बायकोने नारळ आणला होता. फोडला हँगरच्या मागे, आणि नंतर दोघांनी वाकून करवंटीचा कण न् कण वेचला, कारण चिंचोक्याएवढा तुकडाही लाकडी प्रोपेलरला खड्डा पाडू शकतो. आई व्हिडिओ कॉलवर विचारत होती, "अरे, पण चालवायला कोण आहे?"

थ्रॉटल पूर्ण दिला. पूर्ण ताकदीला विमानाचं नाक एका बाजूला वळू बघतं, ते पायाने रडर दाबून सरळ ठेवायचं. मी सेसना या शिकाऊंच्या नेहमीच्या विमानात शिकलेलो, उजवा पाय आपोआप दाबला जातो. हे इंजिन उलट्या बाजूला फिरतं, म्हणजे इथे डावा पाय लागतो. कागदावर पाठ होतं, टॅक्सीच्या सरावात हळू वेगाला जमतही होतं. धावपट्टीवर पहिल्या दोन सेकंदांत उजवा गेलाच. नाक गवताकडे निघालं, डावा मारला, जरा जास्तच मारला, आणि या नाचातच चाकं सुटली. हँडहेल्ड रेडिओ घेऊन उभा असलेला मित्र एवढंच म्हणाला, "टाळ्या वाजवत होतो, थांबवल्या."

वर गेल्यावर मात्र इंजिन गुणी. तेलाचा दाब जागच्या जागी, आवाज सलग, थरथर सेसनापेक्षा फार नाही. धावपट्टी नजरेआड न करता गोल फिरत चढत होतो, इंजिन बंद पडलं तर तरंगत परत येता यावं म्हणून. दोन हजार फुटांवर चार नंबरच्या हेडचं तापमान 410 फॅरनहाइट, म्हणजे 210 सेल्सिअस झालं. बाकीचे तीन 370 च्या आसपास. 450 ही शेवटची रेघ, पण अॅल्युमिनियम त्याच्या आधीच कुरकुरायला लागतं. नाक खाली घेतलं, वेग वाढवला, थ्रॉटल थोडा मागे. काटा 395 वर आला आणि तिथेच हट्टाला बसला. तासभर उडायचा बेत होता, बावीस मिनिटांत उतरलो. लँडिंगला एक उडी बसली. बायको म्हणते दोन.

काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडलं तर चार नंबरपाशी बॅफलची रबरी पट्टी हवेने उलटी दुमडलेली आणि करंगळी जाईल एवढी फट. हवा सिलिंडरवरून न जाता तिथून आरामात पळत होती. रुंद पट्टी, थोडं सिलिकॉन, एक रविवार. पुढच्या उड्डाणात चौघेही 365 ते 375. त्या दीड पानात पट्टी कुठल्या बाजूला वाकवायची एवढं एक चित्र असतं, तर पहिल्याच उड्डाणात माझी ही पाचावर धारण बसली नसती.

इंजिन-प्रोपेलरची जोडी प्रमाणित नसल्याने मला इथे 25 ऐवजी 40 तास एकट्याने चाचणी-उड्डाणं करावी लागली. ती आता झाली. दर 25 तासांनी टॅपेट (व्हॉल्व्हमधली फट) तपासतो, तेल बदलतो. अडीच लिटर लागतं, वेळ जातो तो काउलिंगचे स्क्रू काढण्यात.

किंमत? नव्या रोटॅक्स 912 या तयार विमान-इंजिनाच्या पैशांत असं दुसरं किट घेऊनही खिशात काही उरेल. पण ज्याला विमान विकत आणून फक्त उडवायचंय, त्याने रोटॅक्सच घ्यावं. इथे हात तेलात गेल्याशिवाय काही होत नाही.

इंजिनाला साडेचार तारे, मॅन्युअलला दोन. आणि खोकं आलं की सही करण्याआधी शिम्स मोजा.