जुन्या डिस्क घ्यायच्या तर: एचडी डीव्हीडी की ब्लू-रे?

एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे या डीव्हीडीनंतर आलेल्या, हाय डेफिनिशन सिनेमाच्या दोन प्रतिस्पर्धी डिस्क. १९ फेब्रुवारी २००८ ला तोशिबाने एचडी डीव्हीडीतून अंग काढून घेतलं आणि दोघींतलं भांडण मिटलं. सेकंडहँड बाजारात मात्र एचडी डीव्हीडीचे गठ्ठे आजही मातीमोलाने मिळतात आणि मन चळतं.

चित्र बघून निवड करायला जाऊ नका. लेझर दोन्हीकडे तोच, ४०५ नॅनोमीटरचा, चित्र साठवायची पद्धत, म्हणजे कोडेकही तेच. एचडी डीव्हीडीचे ३० जीबी आणि ब्लू-रेचे ५० जीबी यांतला फरक दोन तासांच्या सिनेमात मला तरी कधी जाणवलेला नाही.

एचडी डीव्हीडीचं एक सुख खरं आहे: रिजन कोडच नाही, म्हणजे डिस्क ठराविक देशांतल्या प्लेअरपुरती बांधलेली नाही. ब्लू-रेत भारत रिजन सी, अमेरिका ए, युरोप बी. म्हणजे न्यू जर्सीच्या मावशीने पाठवलेली डिस्क इथल्या प्लेअरवर चालेलच असं नाही. बऱ्याच डिस्कना कोड नसतो, पण मागच्या कव्हरवरचं चिन्ह बघूनच मागवा.

प्लेअरचं म्हणाल तर तोशिबाचा अमेरिकेतला एचडी डीव्हीडी प्लेअर एचडी-ए१ १२० व्होल्टचा. इथे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि प्लेअर चालू व्हायला मिनिटभर घेतो (आत चक्क कॉम्प्युटरचा पेंटियम ४ प्रोसेसर आहे!). त्यापेक्षा एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलचा बाहेरून जोडायचा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह बरा. यूएसबीने कॉम्प्युटरला जोडता येतो. फक्त त्याचा स्वतःचा पॉवर अडॅप्टर सोबत आहे ना, ते विचारून घ्या.

आता खरी डोकेदुखी. एचडी डीव्हीडी म्हणजे ०.६ मिमीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या, माहितीचा थर मधोमध. तो थर आतूनच खराब होतो. डिस्क आरशासारखी स्वच्छ, ओरखडा नाही, सिनेमा तासभर सुरळीत, आणि मग एका जागी चित्र गोठतं. पुन्हा लावा, पुन्हा तिथेच. पुसून किंवा पॉलिश करून काही होत नाही, कारण बिघाड पृष्ठभागावर नाहीच. एका बाजूला डीव्हीडी असलेल्या कॉम्बो डिस्क तर मी घेतच नाही: लेबलला जागा नाही, बोटांचे ठसे दोन्हीकडे, आणि कुठली बाजू वर ठेवायची ते मधल्या भोकाभोवतीच्या बारीक अक्षरांत वाचायचं.

म्हणून विकणाऱ्याच्या ‘लाइक न्यू’वर जाऊ नका, तो पृष्ठभाग बघून बोलतो. डिस्क आली की ती कॉम्प्युटरला जोडलेल्या ड्राइव्हमध्ये घालून एचव्हीडीव्हीडी_टीएस (HVDVD_TS) फोल्डरमधल्या मोठ्या ईव्हीओ (.EVO) फाइली, म्हणजे खुद्द सिनेमा, हार्ड डिस्कवर कॉपी करून बघा. तास-दीड तास जाईल. कॉपी मध्येच अडकली किंवा रीड एरर आली की डिस्क गेली समजा. परतीची मुदत संपायच्या आत हे उरकून घ्या. नुसती पहिली दहा मिनिटं लावून बघण्यात अर्थ नाही.

ब्लू-रेत माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिमी आत, त्यावर कडक लेप. ओरखडे सहसा पडत नाहीत, पण खोल पडला तर दुकानातल्या पॉलिश मशीनखाली डिस्क देऊ नका. लेपच निघून जातो. तरी हा दोष डोळ्यांना दिसतो. डिस्क उजेडात तिरकी धरली की घ्यायची की नाही ते कळतं. आतून गेलेल्या डिस्क ब्लू-रेतही निघतात, माझ्या पाहण्यात फारच कमी.

एखादी आवृत्ती फक्त एचडी डीव्हीडीवरच निघाली असेल तर जरूर घ्या. बाकी तोच सिनेमा ब्लू-रेवर मिळत असेल, तर शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी मी ब्लू-रेच उचलेन.