पॉलिमर मॉर्टरची दुरुस्ती: दोन पावसाळे काढल्यावर

आमची बिल्डिंग मुलुंडची, १९८६ सालची, तळमजला अधिक चार. मुंबईत तीस वर्षं उलटली की स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं. आम्ही ते टाळत राहिलो आणि बाल्कनीच्या छताची खपली पडून कुंड्या फुटल्या तेव्हा केलं. शेरा आला ‘सी-२बी’: घरं खाली करायची नाहीत, पण दुरुस्ती करावीच लागेल. ‘सी-१’ आला असता तर सगळ्यांचाच बाडबिस्तरा उचलला असता. त्या दिवशी सभेत पेढे वाटायचेच काय ते राहिले.

इंजिनिअरने पार्किंगमधल्या कॉलमचा कोपरा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं. आतला भाग लगेच गुलाबी झाला, बाहेरची तीन-चार सेंटीमीटरची पट्टी तशीच राखाडी राहिली. गुलाबी म्हणजे सळ्यांना गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा अल्कलीपणा शाबूत. राखाडी पट्टीतला हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने संपवलेला, आणि सळ्या नेमक्या त्या पट्टीत. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो, मग सळ्यांवरचं काँक्रीटचं कव्हर तडकणारच. आणि आम्ही दर दिवाळीला त्या भेगांत व्हाइट सिमेंट भरत होतो!

काम संपून दीड वर्ष झालं. पार्किंगच्या कॉलमना पूर्ण गुण. न्हाणीघरांच्या डक्टलगतचे तीन कॉलम अल्ट्रासोनिक चाचणीत (काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते ते मोजतात) सेकंदाला तीन किलोमीटरच्याही खाली होते; साडेतीनच्या वर असेल तर चांगलं धरतात. टेकू लावून, नवीन सळ्या बांधून त्यांना भोवतीने मायक्रोकाँक्रीटचं, म्हणजे बारीक खडीच्या, ओतता येणाऱ्या काँक्रीटचं जॅकेट केलं. केसाएवढी भेगही नाही. एक गाडी आता जरा तिरकी लावावी लागते, त्यावरून अजून कुरबुर चालू आहे.

बीम आणि बाल्कन्यांना पॉलिमर मॉर्टर, म्हणजे पॉलिमर मिसळलेलं सिमेंट-वाळूचं मिश्रण. जिथे सळईच्या मागेही बोट जाईल इतकं काँक्रीट फोडलं, गंज घासून काढला आणि वर कोट दिला, तिथे काम पक्कं बसलंय. या चिपिंगचा आवाज दीड महिना सोसावा लागला, आणि फोडल्यावर आतलं नुकसान जास्त निघून अंदाजपत्रकही फुगलं. चरफडलो, पण त्यात कंत्राटदाराची लबाडी नव्हती.

लबाडी म्हणा, आळस म्हणा, तो दुसऱ्या मजल्याच्या पश्चिमेकडच्या छज्जात. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मी छत्रीच्या मुठीने ठोकून पाहिलं. बाकी सगळीकडे टणटणीत, तिथे भद्द. गिलावा सोलला तर पॅच अख्खा थाळीसारखा हातात आला, पाठ गुळगुळीत. बाँडकोट, म्हणजे जुन्या काँक्रीटला नवीन मॉर्टर चिकटवणारा थर, चिकट ओला असतानाच मॉर्टर थापायचं असतं. इथे कोट लावून माणसं जेवायला गेली असावीत. वाळलेला कोट धरून ठेवत नाही, उलट दोन थरांमध्ये पडदाच होतो. वर नेहमीच्या सवयीने आठवडाभर पाणी मारलेलं मी स्वतः पाहिलं होतं. या मॉर्टरला एक-दोन दिवस ओलावा पुरतो, पुढे ते हवेतच वाळू द्यायचं असतं. तेव्हा मला वाटलं, वा, काय मन लावून काम करतात!

दुसरी चूक आमचीच. चौथ्या मजल्यावरच्या न्हाणीघराची गळती आधी बंद करा, असं इंजिनिअर सांगत होता. मालक परदेशी, किल्ली मिळेना, म्हणून तसंच पुढे गेलो. त्या स्लॅबचा पॅच टिकलाय, पण त्याच्या कडेने, जुन्या काँक्रीटमध्ये, तांबूस रेघ उमटली आहे.

छज्जाचं काम हमीत आहे. कंत्राटदार रविवारी येतोय, या वेळी दुपारचा डबा मी खाली आणून देणार आहे.