मेम्पूल डॉट स्पेस : बिटकॉइनच्या हमालीचा भावफलक

२० एप्रिल २०२४, शनिवार. सकाळी चहा ठेवला आणि मोबाईलवर बिटकॉइनचं पाकीट उघडलं. ॲप म्हणतंय, पाठवायची फी ०.०१ बिटकॉइन. पाकिटात सगळे मिळून होते ०.०२२. म्हणजे त्या दिवशीच्या भावाने सव्वा लाखाच्या आतला माल, आणि तो हलवायची हमाली ५३ हजार! चहा उतू गेला. दारावरून प्रचाराची रिक्षा भोंगा वाजवत चाललेली, त्यामुळे मी काय बोलले ते घरात कुणाला ऐकू गेलं नाही हे बरं.

भाच्याला फोन लावला. तो पुण्यात, ह्याच नादात असतो. "आत्या, आज हाविंग झालंय, व्यवहार नोंदवणाऱ्यांचं बक्षीस निम्मं झालं. आज हात लावू नको," म्हणाला आणि एक लिंक पाठवली, मेम्पूल डॉट स्पेसची. बिटकॉइनच्या व्यवहारांची रांग आणि फीचा चालू दर दाखवणारी ही साइट. तेव्हापासून ही साइट वापरतेय, म्हणून हा रिव्ह्यू. कुणी पैसे दिलेले नाहीत. साइटही फुकट आहे, लॉगिन लागत नाही, आणि तिचा कोड उघडा आहे, कुणालाही बघता येतो.

आधी माझी ओळख. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात आमचं गुळाचं अडत दुकान आहे, जमाखर्च मी लिहिते. म्हणून अडत वेगळी आणि हमाली वेगळी हे मला कुणी शिकवायला नको. अडत मालाच्या किमतीवर शेकडा निघते. हमालीचं तसं नाही. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, पिवळाधमक एक नंबरची असो की काळी पडलेली, हमालाच्या पाठीवर वजन तेच. तो भाव विचारत नाही, डाग म्हणजे नग मोजतो.

आणि नेमकं हेच मला बिटकॉइनमध्ये तीन वर्षं कळलं नव्हतं. मी धरून चालले होते की फी रकमेवर लागते, थोडे पाठवले की थोडी. तसं नाही. फी व्यवहाराच्या वजनावर लागते, आणि ते वजन व्हर्च्युअल बाइटमध्ये मोजतात. व्यवहार गठ्ठ्याने नोंदले जातात, त्या गठ्ठ्याला ब्लॉक म्हणतात. एका ब्लॉकमध्ये अशा साधारण १० लाख बाइटची जागा, आणि ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी एक. ट्रकमध्ये जागा तेवढीच, रांगेतला जो जास्त दर देईल त्याचा माल आधी चढणार. दर सतोशीमध्ये बोलतात, एका बिटकॉइनचे १० कोटी सतोशी.

आता माझं वजन एवढं का भरलं? २०२१-२२ मध्ये दर महिन्याला ५ हजारांचे बिटकॉइन घ्यायचे आणि लगेच एक्स्चेंजवरून, म्हणजे जिथे खरेदी-विक्री होते त्या ॲपवरून, स्वतःच्या पाकिटात काढायचे, असं १४ वेळा केलं. दर वेळी काढायची ठरलेली फी साडेपाचशेच्या आसपास. एक्स्चेंजचं नाव घेत नाही, ही फी तेव्हा बऱ्याच ठिकाणी अशीच ठोक असायची, खरी नेटवर्क फी कितीही असो. १४ वेळा म्हणजे साडेसात हजारांच्या वर गेले. दुकानात कुणी एकेक रव्यासाठी वेगळा टेम्पो केला असता तर मी त्याला उभा सोलला असता. स्वतःच्या पैशाचं मात्र मी तेच केलं.

दुसरा फटका पुढे बसला. आलेले १४ तुकडे पाकिटात एकत्र होत नाहीत. वर बेरीज दिसते, पण आत १४ वेगळे डाग पडून असतात, आणि पाठवताना प्रत्येकाची सही वेगळी. माझे पत्ते बीसी१क्यू पासून सुरू होणारे, म्हणजे सेगविट या हलक्या प्रकारचे. त्यात एका डागाचं वजन ६८ च्या आसपास. १४ डागांचे ९५२, पलीकडच्या पत्त्याचे ३१, वरचं बारदान ११, एकूण ९९४ बाइट. त्या सकाळी दर बाइटमागे हजार सतोशीच्या घरात होता. करा गुणाकार. एकाच डागात तेवढीच रक्कम असती तर ११० बाइटमध्ये काम झालं असतं. १ या आकड्याने सुरू होणारे जुने पत्ते असते तर एकेक डाग १४८ चा, म्हणजे अजून दुप्पट.

आता साइट. उघडली की मधोमध एक तुटक उभी रेघ. रेघेच्या डावीकडे अजून भरायचे ब्लॉक, उजवीकडे भरून गेलेले. प्रत्येक चौकोनावर दर लिहिलेला, आणि डावीकडच्यांवर किती मिनिटांत निघेल त्याचा अंदाज. खाली तीन-चार दर : घाईचा, मधला, सावकाशीचा. सौद्याच्या वेळी पाटीवर भाव लिहावा तसंच. मला सगळ्यात उपयोगी पडला तो ग्राफ, रांग किती साचलीय ते आठवड्याचं, महिन्याचं दाखवणारा. चार महिने रोज दुकान बंद करताना बघायचे. शनिवार-रविवारी रांग बहुतेक वेळा उतरते हे त्यातूनच कळलं. पाकिटाचं ॲप नुसता एक आकडा तोंडावर फेकतं, इथे तो आकडा कुठून आला ते दिसतं.

एप्रिलचा तो ब्लॉक, नंबर ८,४०,०००, मी इथेच मागे जाऊन पाहिला. त्या ब्लॉकपासून खाणवाल्याचं, म्हणजे ब्लॉक भरणाऱ्या मायनरचं, बक्षीस ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइनवर आलं, आणि नेमका त्याच ब्लॉकला रून्स नावाचा नव्या टोकनचा प्रकार सुरू झाला. पहिल्या ब्लॉकात जागा मिळवायला लोकांनी अशी बोली लावली की त्या एका ब्लॉकची फीच ३७ बिटकॉइनच्या वर गेली. आणि मी बाई त्या गर्दीत १४ डाग घेऊन उभी!

पैसे हवे होते मुलीच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला, म्हणून बिटकॉइन एक्स्चेंजवर पाठवून विकायचे होते. ऑगस्टपर्यंत थांबले. श्रावणातल्या एका रविवारी दर अगदी उतरलेला दिसला, हावरटपणा करून बाइटमागे २ सतोशीनेच व्यवहार टाकला. सोमवारी सकाळी रांग वाढली, माझा व्यवहार तिथंच. साइटवर व्यवहाराचा नंबर टाकला की आपण रांगेत कुठे आहोत ते दिसतं, आणि आरबीएफ अशी चिठ्ठीही दिसते. ती असेल तर पाकिटातल्या फी वाढवायच्या बटणाने तोच व्यवहार जास्त दराने पुन्हा टाकता येतो. जुना रद्द होतो, फी दोनदा जात नाही. ४ केला. दुपारच्या जेवणाआधी ब्लॉकमध्ये. फी ३,९७६ सतोशी, बिटकॉइन ५० लाखाला धरला तर १९९ रुपये. ५३ हजारांच्या जागी. हे पैसे वाचले म्हणून यांनी पुढच्या रविवारी... नाही, श्रावण होता, मटण भाद्रपदावर गेलं.

तरी या पाटीवर सगळं दिसत नाही. एक्स्चेंजवर विकताना शेकड्याची फी आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी, ती अडत झाली. विक्रीवर १ टक्का टीडीएस. नफ्यावर ३० टक्के कर आणि वर सेस, आणि २०२२ पासूनच्या नियमात खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा करता येत नाही. म्हणजे काढायच्या फीचे ते साडेसात हजार करातही धरले नाहीत. सीएंनी सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारलं.

इथेरियम हे दुसरं नाणं वापरणाऱ्यांना ही साइट उपयोगाची नाही. तिकडे फीचं माप गॅस. साधं पाठवायला २१,००० गॅस, बाकी कामं जड तसा जास्त, आणि २०२१ च्या ऑगस्टपासून फीचा मूळ भाग कुणाला न मिळता जळून जातो. भाचा हल्ली लेयर टू वरूनच, म्हणजे इथेरियमच्या वर बांधलेल्या स्वस्त नेटवर्कवरूनच, पाठवतो, मार्च २०२४ च्या बदलानंतर तिथली फी खूपच खाली आलीय. फक्त स्वस्त नेटवर्क निवडताना पलीकडचा तेच नेटवर्क घेतो का ते आधी बघा, नाहीतर माल भलत्याच यार्डात उतरायचा.

आणि साइटवरचा दर हा अंदाज आहे, वचन नव्हे. पैसे घेऊन व्यवहार पुढे सरकवायची सोयही तिथे आहे, मी कधी वापरली नाही. वाट बघणं फुकट पडतं. हल्ली खरेदी एक्स्चेंजवर साठू देते आणि वर्षातून एकदा, एका डागात काढते. साठलेले तेवढे दिवस दुसऱ्याच्या गोदामात असतात, ती जोखीम आहे, पण रक्कम लहान आहे. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

परवा दुकानातल्या कॉम्प्युटरवर ते रंगीत चौकोन बघून आमच्या हमालांचे मुकादम थांबले. मी जमेल तसं सांगितलं : वजनावर दर, गर्दी झाली की दर वर, कुणाचा माल आधी उचलायचा ते उचलणारा ठरवतो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे गर्दी वाढली की हमाली आपोआप वाढतीया?"

"हो."

"वैनी, ह्यांची युनियन कुठं हाय?"