धंतोलीतलं औषधांचं दुकान : फ्रिज चोख, पर्याय देताना घाई

नागपूरच्या धंतोलीत दवाखान्यांइतकीच औषधांची दुकानं आहेत. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीची स्ट्रिप कुठेही मिळते, तिच्यावरून दुकान कळत नाही. ते कळतं ग्लार्जिन या इन्शुलिनच्या पेनवरून.

मेटफॉर्मिन हा फार्मा कंपनीचा नेहमीचा माल. रासायनिक क्रियेतून बनणारा, जेमतेम १२९ रेणुभाराचा रेणू. कोरड्या जागी ३० अंशांखाली ठेवला की झालं. इन्शुलिन बायोटेकचं. त्याचं जनुक ई. कोलाय जिवाणूत किंवा यीस्टमध्ये घालून पेशी टाकीत वाढवायच्या, मग प्रथिन वेगळं काढून शुद्ध करायचं. रेणुभार ५८०८. १९८२ मध्ये बाजारात आलेलं असं पहिलं इन्शुलिन जेनेंटेक या बायोटेक कंपनीच्या तंत्राचं, पण विकलं एली लिली या फार्मा कंपनीने. म्हणजे कंपन्यांची सरमिसळ तेव्हापासूनचीच. काउंटरवर मात्र फरक स्पष्ट दिसतो.

या दुकानातला फ्रिज फक्त औषधांचा, पाण्याच्या बाटल्या नाहीत. थर्मामीटर २ ते ८ अंशांत, इन्व्हर्टर जोडलेला. पेनं मागच्या भिंतीला टेकवलेली नाहीत, हे विशेष. तिथे माल गोठू शकतो, आणि एकदा गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी फेकायचंच.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, घरपोच माल थर्माकोलच्या डब्यात येतो. जेल पॅकला घाम फुटेपर्यंत तो बाहेर ठेवतात, मगच भरतात. औषध आणि पॅकमध्ये पुठ्ठा. मिलीलिटरला ४० युनिट इन्शुलिन असलेल्या व्हायलसोबत न सांगता लाल टोपीची सिरिंज देतात. १०० ची सिरिंज गेली तर डोस चुकलाच.

खोट पर्यायात आहे. माल संपला की काउंटरवरचा मुलगा म्हणतो, “हे घ्या, तेच आहे, फक्त कंपनी दुसरी.” गोळीबाबत हे चालून जातं, जेनेरिकमध्ये रेणू तोच असतो. बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तेच बायोटेक औषध, मात्र मूळ औषधाशी अगदी मिळतंजुळतं असतं, हुबेहूब नव्हे. पेशी आणि शुद्धीकरण बदललं की बारीक फरक पडतो. औषध वाईट नसतं, पण बदल डॉक्टरांना विचारूनच करायचा आणि सुरुवातीला साखर जास्त वेळा तपासायची. शिवाय एका कंपनीचं कार्ट्रिज दुसऱ्या कंपनीच्या पेनात बसेलच असं नाही. हे काउंटरवर कुणी सांगत नाही.

बिलावर बॅच नंबर असतो, बिल जपून ठेवा. सूट गोळ्यांवर आहे, फ्रिजमधल्या मालावर नाही. पार्किंगची बोंब आहेच. गाडी लांब लावली असेल तर बाकीची कामं आधी उरका, पेन शेवटी घ्या. मे महिन्यात बंद गाडीत ते तासभरही ठेवू नका.