८ बाय ४२ची दुर्बीण, खानापूरच्या रानात

बेळगावात खडे बाजारातनं घेतली. आठपट मोठं दाखवते, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. वजनाला जड, पट्टा मानेत रुततो, भिंगाची झाकणं तर पहिल्याच पावसाळ्यात गळून गेली. पण काच एक नंबर! भीमगड अभयारण्याच्या अलीकडे, शेताच्या बांधावरून दिवेलागणीला सांबर दिसलं. गळ्याखाली केस झडलेला, ओलसर लाल डाग. थोरले मामा एके काळचे शिकारी. म्हणाले, "रोग लागलाय त्याला. असलं जनावर आम्ही सोडून द्यायचो." दुर्बीण त्यांच्याच हातात दिली. सांबराचं अंग भरलेलं, चाल झक्क. धडधाकट सांबरालाही माजाच्या दिवसांत असा डाग येतो, हे मामांना अजून पटत नाही. खरंच लंगडणारं दिसलं तर वनखात्याला फोन. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं जखमी हरीण मारणं हीसुद्धा शिकारच. चष्मेवाल्यांनी डोळ्याकडचं रबर दुमडून बघा.