मागचे दोन स्पीकर कधी वाजलेच नाहीत

एकूण 16,348 रुपये गेले. आधी 14,499, नंतर 1,849. नंतरचे जास्त झोंबतात.

'वायरलेस 5.1 होम थिएटर, 1200 वॉट' अशी जाहिरात होती. 5.1 म्हणजे पाच बाजूंचे आवाज आणि वर बेसचा एक, मिळून सहा चॅनल. पैसे आधी, खोकं नंतर. अशा फसव्या विक्रेत्यांची पद्धत सगळ्यांना ठाऊक असते, मलाही होती. म्हणून तर मी फोन करून विचारलं, "1200 वॉट म्हणजे पीएमपीओ की आरएमएस?" पीएमपीओ म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा, आरएमएस म्हणजे सलग मिळणारी खरी ताकद. पलीकडचा पठ्ठ्या लगेच म्हणाला, "आरएमएस सर, पीएमपीओ आम्ही लिहीतच नाही." झालं! शब्द माहीत आहेत म्हणजे माणूस जाणकार. अक्कल पाजळायला गेलो आणि तिथंच गळाला लागलो.

पण खरी लाज वेगळीच आहे. जाहिरातीच्या व्हिडिओत तो माणूस मागचा स्पीकर दोन बोटांत उचलतो आणि गर्रकन फिरवून दाखवतो. पाठ एकदम गुळगुळीत. ना पिन, ना चार्जिंगचं भोक, ना बॅटरीचं झाकण. चारदा पाहिला मी तो व्हिडिओ. चौथ्यांदा तर बायकोला हाक मारून दाखवला, "बघ, एकसुद्धा वायर नाही!" ती म्हणाली, "मग हा चार्ज कसा करायचा?" मी म्हटलं, "असेल आतून काहीतरी."

आतून काहीतरी! अहो, वायरलेस म्हणजे आवाजाची वायर नाही. वीज तर लागणारच ना? एकतर पोटात बॅटरी हवी, नाहीतर प्लगपर्यंत वायर हवी. लहानपणापासून रेडिओ उघडून बसणाऱ्या माणसाला हे कळू नये? आता घरात काहीही बिघडलं की मला 'असेल आतून काहीतरी' हेच वाक्य ऐकवलं जातं.

खोकं आलं. पुढचा बार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, वाजला, बरा वाजला. मागचे दोघे मुके. खोक्यावरच्या नंबरवर फोन केला तर म्हणे, "रिअर स्पीकर लॉक असतात सर. ॲक्टिव्हेशनचे 1,849 भरा, सात दिवसांत परत येतील." भरले. हसा खुशाल. 14,499 अडकलेले असताना 1,849 किरकोळच वाटतात, ज्याचे अडकलेत त्यालाच ते कळतं. त्यानंतर तो नंबर बंद.

मग स्क्रू ड्रायव्हर घेतला. स्पीकरच्या जाळीवर टेकवला, ओढ शून्य. आत स्पीकरचं चुंबक असतं तर टोक बहुतेक थोडं तरी खेचलं गेलं असतं. ही परीक्षा उघडण्याआधीच करून बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. उघडलं तर कापडामागे प्लास्टिकची बशी आणि तळाला गोंदाने चिकटवलेला सिमेंटचा गोळा. वजन भरावं म्हणून! दोन्हींत एकेक.

ॲडॉप्टरवर बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलंच होतं : 12 व्होल्ट, 2 अँपिअर. गुणाकार करा, 24 वॉट. चोविसातून बाराशे कुठून काढणार? कुठलाही स्पीकर घ्या, आधी ॲडॉप्टरचा फोटो मागा. फोटो द्यायला टाळाटाळ केली की फोन ठेवा. आणि 5.1 म्हणून विकताना नुसतं ब्लूटूथच दाखवत असतील तर तिथंच थांबा, कारण फोनवरून नेहमीच्या ब्लूटूथने दोनच चॅनलचा आवाज जातो. टीव्हीवरून 5.1 यायला बारला सहसा एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकलची जागा (टीव्हीचा आवाज बारकडे आणणारी वायर खुपसायची) लागते. माझ्या बारला दोन्ही नव्हत्या. हेही मी नंतर पाहिलं.

तक्रार करायला गेलो. तिथल्या साहेबांनी बार लावून ऐकला आणि म्हणाले, "वाजतोय की!" मी सिमेंटचा गोळा टेबलावर ठेवला. "हा तुम्ही आत घातला नाही कशावरून?" खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढला नव्हता, तोंड बंद. (काढा. सील दिसलं पाहिजे, मध्ये कट नको.) बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. कुरिअरवाले म्हणाले, आम्ही फक्त खोकं पोचवतो. ऑनलाइन अर्जात दोनच पर्याय : 'वस्तू मिळाली नाही' आणि 'वस्तू खराब निघाली'. अरे, वस्तू मिळाली, खराबही नाही, ती वस्तूच नाही! 'इतर' कुठाय? शेवटी 'खराब' निवडलं, तर वॉरंटी कार्ड जोडा म्हणे. पुन्हा गेलो तर ते साहेब रजेवर, तिसऱ्यांदा गेलो तर त्यांची बदली झालेली. नव्या साहेबांनी पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं आणि शेवटी विचारलं, "इतकं कळतं तर घेतलात कशाला?" यावर काय बोलणार?

एकोणचाळिसाव्या दिवशी मेसेज आला : 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे. कृपया आमच्या सेवेला पाचपैकी गुण द्या.' शून्य द्यायला गेलो. तिथं एकापासून सुरू होतं.