निकॉन एफएम२ आणि मुंबईतल्या मैफली: सात-आठ महिने वापरल्यानंतर

सगळ्यात आधी आवाजाचं बोलून टाकते, कारण हा फिल्मवरचा जुना कॅमेरा मैफलीत न्यायचा म्हटलं की पहिली अडचण तीच. निकॉन एफएम२ चं बटण दाबलं की 'खटॅक' असा कोरडा, धातूचा आवाज होतो. काही आरसा उचलला जातो त्याचा, काही शटरचा. मोठ्या नाट्यगृहात मागच्या रांगेतून तो कुणाच्या कानावर जाणार नाही. पण पार्ल्यात किंवा दादरला कुणाच्या दिवाणखान्यात सतरंजीवर तीस-चाळीस माणसं दाटीनं बसलीत, तानपुरे सुरेख मिळालेत, गायकानं नुकता षड्ज लावलाय, आणि तेवढ्यात तुम्ही बटण दाबलंत तर अर्धी बैठक मागे वळून बघते. आलापीत हा कॅमेरा चालवताच येत नाही. हे मान्य असेल तरच पुढचं वाचा.

मग घेतला कशाला? माझा डिजिटल कॅमेरा व्यवस्थित चालतो, त्यात आवाज बंद करायची सोयही आहे. त्याच्यावर मी मैफलीला गेले की पाचशे-सहाशे फोटो घेऊन यायचे आणि घरी आल्यावर कुठला राग झाला ते आठवायचं नाही. हे मला खटकत होतं. शिवाय पुण्याच्या सतीश पाकणीकरांनी टिपलेली गायक-वादकांची कृष्णधवल प्रकाशचित्रं लहानपणापासून डोक्यात बसलेली. एकदा फिल्मवर करून बघू म्हणून ओळखीतून हा जुना कॅमेरा घेतला.

यंत्राची माहिती थोडक्यात देते. एफएम२ १९८२ साली बाजारात आला आणि २००१ पर्यंत बनत राहिला. शटर पूर्ण यांत्रिक, एका सेकंदापासून १/४००० पर्यंत. त्या काळी १/४००० हा मोठाच पराक्रम होता, पण मैफलीच्या उजेडात मला १/२५० च्या पुढे जायची वेळ क्वचित येते. बॅटरी म्हणजे दोन बटण सेल, तेही फक्त लाइट मीटरसाठी. सेल संपले तरी कॅमेरा चालूच राहतो. या कॅमेऱ्यावर लिहिणारा प्रत्येक जण स्टीव्ह मॅककरी यांच्या अफगाण मुलीच्या फोटोचा दाखला देतो. तो १९८४ मध्ये याच कॅमेऱ्यावर, १०५ एमएमच्या लेन्सनं काढलेला आहे हे खरं. पण ती मुलगी दिवसाच्या उजेडात, स्थिर होती. इथे पंडितजींचा हात एका जागी ठरत नाही.

आता मूळ मुद्दा. आवाज होतो म्हणून हवं तेव्हा बटण दाबता येत नाही. तबल्याच्या ठणठणीत बोलाखाली तो आवाज लपतो, म्हणजे समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर. विलंबित एकतालाचं बारा मात्रांचं एक आवर्तन साधारण पाऊण मिनिटाच्या घरात जातं, अतिविलंबित असेल तर मिनिटभरही. एवढा वेळ कॅमेरा डोळ्याला लावून बसलं की हात भरून येतो. त्यामुळे मी आता मात्रा मोजत बसते. दहावी-अकरावी आली की कॅमेरा वर, गायकानं मुखडा, म्हणजे समेकडे नेणारी ओळ, उचलला की श्वास रोखायचा, आणि 'धिं' पडला की बटण. तबलजीचा डग्गा चांगला घुमारेदार असेल तर शेजारच्यालाही पत्ता लागत नाही. ग्वाल्हेर घराण्याच्या गायकांचा तिलवाडा ताल जरा चालता असतो, तिथे आधीपासून तयारीत राहावं लागतं.

यातून एक गोष्ट हाती लागली, ती डिजिटलवर इतकी वर्षं काढून लागली नव्हती. समेला बहुतेक गायकांचा चेहरा फार बोलका नसतो. तो बोलका असतो मुखडा उचलताना, सम कुठे आहे ते त्याला दिसत असतं तेव्हा, आणि सम गाठल्यावर लगेच, हात खाली येताना. मुखड्याच्या वेळचा चेहरा मला शटरच्या आवाजामुळे टिपता येत नाही. तो नुसता बघून घ्यावा लागतो. समेनंतरचा मिळतो, कारण तोवर श्रोत्यांतून 'क्या बात है' आलेलं असतं आणि त्या गलक्यात खटॅक बुडून जातो. माझ्या बऱ्याच चांगल्या फ्रेम या 'क्या बात है'च्या आडोशाला काढलेल्या आहेत. त्यामुळे दाद देणारी मंडळी जवळ असतील अशी जागा मी मुद्दाम पकडते. गप्प बसून मान डोलावणाऱ्यांच्या रांगेत माझा रोल संपतच नाही.

एकल तबलावादन असेल तर चंगळ. तिहाई सुरू झाली की सम कधी येणार हे तीनदा सांगून होतं, आणि आवाजाचा तर प्रश्नच नाही. सुरुवातीच्या संथ पेशकारात बोटं दिसतात, जलद रेल्यात दिसत नाहीत. १/२५० ला नुसता हातांचा धूर येतो, पण तो धूर मला आवडायला लागलाय. सतार-सरोदला आलाप-जोड होईपर्यंत कॅमेरा मांडीवर, 'झाला' हा शेवटचा जलद भाग लागला की बाहेर. भजनी मंडळ, दिवाळी पहाट, ब्लूज वगैरेंना तर काही पाळायची गरजच नाही. ड्रमसेटपुढे हा कॅमेरा मुका होतो.

फोकस हातानं करायचा, त्यासाठी मध्यभागी दुभंगलेलं चित्र दिसतं. वरचा आणि खालचा अर्धा भाग जुळला की फोकस बसला. यासाठी एखादी उभी रेघ लागते. बैठकीत उभी रेघ म्हणजे तानपुऱ्याची दांडी, पण तानपुरे गायकाच्या मागे. दुसरी उभी रेघ माइकच्या स्टँडची, तो गायकाच्या पुढे. दोन्ही फसव्या. मी चष्म्याची काडी, कुडत्याची बटणपट्टी किंवा हातात स्वरमंडल असेल तर त्याची कड शोधते. बाईंच्या साडीचा काठ हा सगळ्यात खात्रीचा. ५० एमएम १.८ ची लेन्स पूर्ण उघडी ठेवून अगदी जवळून नाक आणि कान दोन्ही स्पष्ट मिळतील ही अपेक्षा सोडा.

उजेडाच्या बाबतीत शास्त्रीय मैफल ही या कॅमेऱ्यासाठीच केल्यासारखी आहे, कारण तिथे दिवे बदलत नाहीत. मीटर मधल्या गोलाला ६० टक्के आणि उरलेल्या चौकटीला ४० टक्के वजन देतो. मागे काळा पडदा असला की तो फसतो आणि चेहरा पांढराफटक येतो. पांढरा झब्बा फ्रेमभर असला की उलट, चेहरा काळवंडतो. म्हणून वाद्यं लावून होत असताना, परवानगी घेऊन, मी पुढे जाते, चेहऱ्याच्या जवळून मीटर बघते आणि तो आकडा रात्रभर हलवत नाही. घरगुती बैठकीत सोळाशे आयएसओ (फिल्मची उजेड टिपायची क्षमता), अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं भोक) २ आणि १/६० किंवा १/१२५ यातच सगळं भागतं. याउलट मेहबूब स्टुडिओत दर फेब्रुवारीच्या सुमारास जो महिंद्र ब्लूज महोत्सव २०११ पासून भरतो, तसल्या मंचावर दिवे दर दोन ओळींनी रंग पालटतात. निळ्या-लाल एलईडीत मीटरचे ते तीन लाल ठिपके बघत बसलात तर गिटारचा सोलो संपून जातो. अशा ठिकाणी अंदाजानं चालायचं आणि थोडा जास्तच उजेड द्यायचा. मोठ्या तिकिटाच्या कार्यक्रमांना लेन्स सुटी होणारा कॅमेरा पासशिवाय आत सोडत नाहीत, ती विचारपूस आधी करा.

पासवरून आठवलं. उपनगरातल्या एका नाट्यगृहात आयोजकांना विचारून बसले होते, तरी मध्यंतरात सुरक्षारक्षक आले.

"मॅडम, फोटो काढलेत ते डिलीट करा."

"दादा, यात डिलीट होत नाही."

"मग दाखवा तरी काय काढलंत."

"धुतल्यावर दिसतील."

त्यांनी कॅमेरा उलटा करून पाठ बघितली, तिथे स्क्रीन नव्हता. मग हळूच म्हणाले, "आमच्या लग्नात असलाच होता." पुढे मध्यंतर संपेपर्यंत ते लग्नाबद्दलच बोलत होते.

डाव्या डोळ्यानं बघणाऱ्यांसाठी इशारा. मीटर चालू करायला आणि बटण दाबलं जायलाही फिल्म ओढायचा खटका थोडा बाहेर काढून ठेवावा लागतो, आणि तो नेमका कपाळात किंवा उजव्या डोळ्याच्या कडेला टोचतो. मी डावखुऱ्या डोळ्याची आहे. फोटो काढत नसते तेव्हा खटका आत ढकलून ठेवते.

फिल्म मी इलफर्डची एचपी५ प्लस वापरते. मूळची चारशेची, ती सोळाशे धरून काढते आणि घरीच जास्त वेळ धुते. मायक्रोफेन डेव्हलपरमध्ये २० अंशाला ११ मिनिटं. खरी गोची या २० अंशांची आहे. मे महिन्यात आपल्या नळाला येणारं पाणी ३० च्या आसपास असतं. म्हणून बादलीत बर्फ, त्यात बाटल्या, आणि थर्मामीटर घेऊन मी बाथरूममध्ये स्टुलावर. फिल्म टाकीच्या चक्रीवर चढवताना तर घामानं हाल होतात. काळ्या पिशवीत हात घातले की दोन मिनिटांत ओले, आणि ओलसर फिल्म चक्रीत अडकते. आता पिशवी बंद केलीय. रात्री दिवे मालवून, दाराखाली टॉवेल लावून बाथरूममध्येच चढवते. पावसाळ्याची एक बाजू मात्र चांगली, हवेत धूळ नसते, त्यामुळे वाळत घातलेल्या निगेटिव्हवर कण बसत नाहीत. वाळायला दुप्पट वेळ लागतो ते वेगळं. तानसा-वैतरणेचं पाणी मऊ असल्यानं डागही फारसे पडत नाहीत. सोसायटीत टँकर आला असेल त्या दिवशी मात्र रोल धुवायला काढू नका.

सुरुवातीचे काही रोल बाहेर धुवायला दिले होते. एका लॅबमधून निगेटिव्ह लांबच लांब ओरखडा घेऊन परत आली आणि तिथे 'तो आधीपासूनच होता' असं उत्तर मिळालं. तेव्हापासून बादली आणि बर्फ.

सोळाशेवर दाणा दिसतो, भरपूर दिसतो. काळ्या पडद्याच्या जागी दाणेदार राखाडी येते. काहींना हे घाण वाटेल. मला त्यातले चेहरे घामेजलेले, जिवंत वाटतात, पण ही आवडीची बाब झाली. रंगीत फिल्मवर मैफली काढून पाहिल्या. सिनेस्टिल ८००टी मध्ये दिव्यांभोवती लाल वलय येतं, ब्लूजला ते शोभतं. भैरवीच्या वेळी प्रत्येक झुंबराभोवती लाल प्रभावळ बघून मी परत काळ्या-पांढऱ्यावर आले.

खर्च सरळ सांगते. रोल मला हजाराच्या आसपास पडतो, त्यात ३६ फ्रेम. रसायनं, बर्फ धरून एका बटणाला तीस रुपये तरी जातात. ऊटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना चालू होता तेव्हा 'इंदू' नावाची आपली फिल्म मिळायची. आता सगळा माल बाहेरून येतो, डॉलर हलला की रोलची किंमत हलते. एका मैफलीला एकच रोल न्यायचा असा मी नियम केलाय. बडा ख्याल, छोटा ख्याल, मध्यंतरानंतरचा राग, ठुमरी आणि भैरवी इतकं छत्तीसात बसवायचं. भैरवीसाठी चार फ्रेम राखून ठेवते.

मुंबईत या कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा शत्रू बुरशी. जुन्या लेन्समध्ये ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. कॅमेरा चामड्याच्या कव्हरात अजिबात ठेवू नका, चामडं ओल धरून बसतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेल पुरे. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परततात, पुन्हा निळे होतात. तवा त्यासाठी वेगळा ठेवा.

घ्यायचाच असेल तर फोर्टच्या बोरा बाजारात फिरा, घाई करू नका. अनुक्रमांकाआधी 'एन' असेल तर तो १९८४ नंतरचा सुधारित. शटरची पाती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षीदार असतील तर टायटॅनियमची, सपाट असतील तर नंतरची अ‍ॅल्युमिनियमची. चालायला दोन्ही सारख्याच, नक्षीसाठी जास्त पैसे देऊ नका. पाठ उघडून कडेच्या काळ्या फोमला बोट लावून बघा. बोटाला काळा चिकटा लागला तर फोम बदलावा लागेल, नाहीतर फ्रेममध्ये उजेड घुसतो. लेन्स काढून मागून टॉर्च मारा आणि पुढून बघा, बुरशी असेल तर लगेच दिसते. आणि एकदा १/४००० वर, एकदा एका सेकंदावर शटर सोडून ऐका. एक सेकंदाला आतलं चक्र सलग करकरायला हवं, मध्येच अडखळलं तर तो कॅमेरा ठेवून द्या, दुसरा बघा.